चेनीच्या अंगाला

आमच्या जावयाला गाडी पुसायची भारी हौस. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी त्याच्या हातात फडकं असतं. टाकी पुसेल, आरसे पुसेल, हँडलच्या मुठींना लोकरीचे गोंडे बांधलेत ते धुऊन दोरीवर वाळत घालील. टाकीला खोबरेल लावतो. माझ्या लेकीच्या केसांना लावायला बाटलीत थेंब उरत नाही, टाकी मात्र अशी चकाकते की तिच्यात बघून भांग पाडावा. तो पाडतोही. पण गुडघ्याच्या खाली गाडीला काय असतं, याची चौकशी त्या माणसानं कधी केली नाही. खाली चेन असते, दात्यांची चाकं असतात, तिथं हात घातला की नखं काळी होतात. आणि तिथला फोटो कुणी काढत नाही.

गाडी आमची. म्हणजे विमलच्या लग्नात आम्ही दिलेली. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला तशी कमी होत गेली, आणि शेवटची उरली होती ती या गाडीपायी मोडली. लाल गाडी मांडवापुढं उभी राहिली तेव्हा नागेशराव नवरीकडं कमी आणि गाडीकडं जास्त बघत होते. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं.

मी पिंपळीची द्वारकाबाई. माझ्या तोंडाला गाव वचकून असतं, यात खोटं काही नाही. पण जावई उंबऱ्यात आला की माझी जीभ टाळूला चिकटते. मी हितं एक शब्द बोलले की तिकडं सासरी, निमगाव केतकी गावात, विमलला त्याचे दहा ऐकावे लागतात. तिची सासू सारजाबाई एकेक शब्द मोजून परत करते.

संक्रांत होऊन गेली होती. मी गोठ्यापुढं कुट्टीच्या मशीनवर कडबा तोडत होते. माझ्या उजव्या अंगठ्याचं एक पेर त्याच मशीननं नेलंय. तेव्हापासून फिरणारं लोखंड कुठं वाकडं बोललं की मला आधी पोटात कळतं, मग कानात. फाट्यावरून गाडी आत वळली, आणि तिच्या रोजच्या आवाजाखाली दुसराच एक आवाज होता. खर्र, खर्र, आणि मधेच टक्. भाकरीतला खडा दाताखाली यावा तसा.

जावई पुढं, त्याच्या पुढं टाकीवर माझी नात प्रतिक्षा, मागं विमल, एका अंगाला पाय सोडून बसलेली.

"पाव्हणं, गाडीच्या खालून काय वाजतंय?" मी मशीन थांबवून विचारलं.

"कुठं काय मामी. गाडी बोलती."

"काय बोलती?"

"म्हनती, सासुरवाडी आली."

आमचे मालक, हिंदुराव, बाजेवर बसले होते ते हसले. जावई काही बोलला की ते हसतात. मी पदर खोचला आणि गाडीशेजारी उकिडवी बसले. चेन म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखी खाली लोंबत होती. वरून तांबूस गंज, खालून काळ्या तेलात रस्त्याची वाळू कालवून झालेला चिखल. बोट लावलं तर चेन वितभर वर उचलली गेली. आणि तिच्यावरचं पत्र्याचं झाकण गायब.

"झाकान कुठंय?"

"चेन त्याला लागायची, खडखडायचं. काढून टाकलं. आता कशी मोकळी दिसती बगा."

मोकळी दिसत होती खरी. बायका ज्या अंगाला पाय सोडून बसतात त्याच अंगाला चेन असते. गडी माणूस दोन्हीकडं पाय टाकून बसतो, त्याचे पाय पुढं. बाईची टाच आणि लुगड्याचा काठ थेट चेनीवर. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं, कारण आधी तिथं झाकण होतं.

विमल चुलीपुढं बसली तेव्हा मी तिचं पातळ बघितलं. घोट्यापाशी काठ फाटलेला आणि आत काळा डाग. धुऊन न निघालेला.

"ह्ये काय ग?"

"काय न्हाय."

"विमल."

तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडं न बघता. लासुर्ण्याच्या वळणावर चेन उतरली. गाडी एकदम जागच्या जागी बसली. मागं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि त्या भरलेल्या ट्रॉल्या काही बैलगाडीसारख्या थांबत नाहीत. ट्रॅक्टरवाल्यानं शेवटाला कडेच्या शेतात घातला. ऊस रस्त्यावर सांडला. तो माणूस खाली उतरून शिव्या देत होता.

"आन् पोर?"

"टाकीवर व्हती. तिला वाटलं गंमत चाललीय. टाळ्या वाजवीत व्हती."

भाकरी तव्यावर पडली. मी उगीच चुलीत लाकूड सारलं.

"मग नवी चेन का घालीत न्हाईत?"

विमलनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "औंदा धोंडा हाय न्हवं? अधिकात तुमी देनार म्हनून थांबल्यात. सासूबाई समद्या आळीत सांगत्यात. गाडी त्यांच्याकडनं आलीया, गाडीचं लेनंबी त्यांच्याकडनंच येनार."

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. त्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताटात दिवा आणि अनारसे ठेवून जावयाला वाण द्यायचं. कुणी अंगठी देतं, कुणी भांडं देतं. आमच्या जावयाला चेन हवी होती. औंदाचा अधिक जेठात होता. संक्रांत ते जेठ. मधे सगळा गळीत हंगाम, सगळा उन्हाळा, आणि रस्त्यावर दिवसरात्र ट्रॉल्या.

"आई, तू त्यांना काय बोलू नको," विमल म्हणाली. "मी तुला सांगितलं असं होईल."

ते गेल्यावर मी मालकांपुढं उभी राहिले.

"उद्या बारामतीला जा. चेन आना. परवा निमगावला पोचवा."

"आता दिली तर धोंड्याला काय द्यायची?"

"धोंड्याला नारळ द्या."

"तुला कळत न्हाय," मालक म्हणाले. ते शांत बोलतात, म्हणून त्यांचं खरं वाटतं. "अशी अधीमधी चेन नेऊन दिली तर पाव्हण्यांला काय वाटंल? गाडी सांभाळता येत न्हाय म्हून सासऱ्यानं अंगावर फेकली. मानाची वस्त मानाच्या दिवशी."

चेन मात्र त्यांनी आणली. चार दिवसांनी बारामतीहून येताना तेलकट कागदात गुंडाळलेली, चांगली जड. आणली आणि ट्रंकेत ठेवली, जावयाच्या टॉवेल-टोपीखाली. कुलूप लावलं. चेन आमच्या ट्रंकेत आणि माझी लेक निमगावच्या रस्त्यावर.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. खुरपताना कान रस्त्याकडं. फाट्यावर कुठलीही फटफटी वाजली की हात थांबायचा. भुईमूग उपटत असताना एकदा, ज्याच्याकडं आमचे फोन येतात त्या दुकानदारानं बांधावरून हाक मारली, "द्वारकाकाकू, फोन हाय, लौकर या." तो असं कधी लवकर म्हणत नाही. मी पायात काही न घालता पळाले. तापलेल्या ढेकळांतून, बाभळीच्या काट्यांतून, कमरेचा ओचा सुटलेला. पळता पळता मी प्रतिक्षाचं झबलं डोळ्यापुढं आणत होते, कुठल्या रंगाचं असेल आज, कशावरून ओळखायची. दुकानात पोचले तर फोनवर म्हशीचा दलाल. म्हैस विकायची का म्हणून विचारत होता. मी फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसले.

"कोन व्हतं काकू?" दुकानदारानं विचारलं.

"यम व्हता. चुकून लागला," मी म्हणाले. तो हसला. मला हसू आलं नाही.

वैशाख संपत आला. बारामतीत एक लग्न होतं, त्याला लेक-जावई आले आणि दुपारी आमच्याकडं टेकले. गाडी आत आली तेव्हा मी कान देऊन होते. खर्र खर्र थांबलं होतं. आवाजच नव्हता. मग एकदम हाडावर हाड आपटावं तसा टक्, आणि पुन्हा काही नाही. मशीनच्या पात्याचंही असंच असतं. कुरकुरतं तोवर चालतं. कुरकुर थांबली की हात लांब ठेवायचा.

उन्हं कलायला लागली तसे ते निघाले. जावई टाकी पुसत होता. प्रतिक्षा टाकीवर चढायला हात वर करून उभी. मी घरात गेले, मालकांच्या बंडीतली किल्ली काढली, ट्रंक उघडली.

मालक दारात आले. "ते धोंड्याचं हाय."

"धोंड्याला जावई लागतो, तशी लेकबी लागती," मी म्हणाले. चेन पिशवीत घातली, वर एक नारळ ठेवला.

बाहेर येऊन सांगितलं, "पाव्हणं, मी येते तुमच्या मागं बसून. विहीणबाईंना धोंड्याचं आवतन द्यायचंय. बायांचं आवतन बायांनी द्यावं. विमल आन् पोर एस्टीनं येतील."

"मामी, तुमी कवा बसला गाडीवर?"

"आज बसते."

विमलनं माझं मनगट धरलं. तिला कळलं होतं. "आई, तू नको. मला सवय हाय."

"तुला तिकीट काढाया येतं न्हवं? मग फाट्याव जाऊन हुबी रहा. एस्टी चुकंल."

तिनं हात सोडला नाही. मला सोडवून घ्यावा लागला.

मी बसले. एका अंगाला, पाय सोडून. लुगड्याचा काठ गुडघ्यात आवळून धरला, अर्ध्या अंगठ्याच्या हातानं आसनावरचा पट्टा पकडला, दुसऱ्या हातानं पिशवी पोटाशी. गाडी सुटली आणि माझ्या टाचेखाली ते फिरायला लागलं. बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी नजर तिकडंच. चेन वर यायची, खाली पडायची, पाठीमागच्या दांड्याला थोपटायची. टाचेला वारा लागत होता. वारा म्हणजे चेनीचाच वारा. विमल रोज हा वारा टाचेला घेऊन हिंडत होती.

"हळू चालवा."

"हळूच हाय मामी."

"आजून हळू."

भवानीनगर गेलं. गळीत संपलेलं, कारखान्याच्या वाटेवर चिपाडं तेवढी उडत होती. लासुर्णं आलं, ते वळण आलं. मी डोळे मिटले आणि वळण संपल्याचं अंगाला कळल्यावर उघडले. पुढं हिरवं कमी होत गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हानं पांढरी पडलेली रानं, मधेच वावटळ उठून आडवी जायची आणि तोंडात माती. तोंड पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मागून एक पाण्याचा टँकर लागला होता. दुष्काळी गावांना पाणी घेऊन जाणारा. झाकणातून पाणी हिंदकळत होतं, रस्ता ओला करत येत होता.

पुढं ओढ्याचा उतार आला. खाली कठडा नसलेला पूल, पलीकडं चढ. जावयानं उताराला गाडी सोडली, पुढचा चढ एका दमात जावा म्हणून. टँकरवाल्यानंही तेच केलं. मागं त्याचा आवाज मोठा व्हायला लागला. पूल गेला. चढाला लागलो. जावयानं मूठ पिळली.

आधी माझ्या टाचेवर कुणी आसूड ओढला. मग आवाज ऐकला. गाडी एकदम मोठ्यानं ओरडायला लागली आणि तितक्यात हळू व्हायला लागली. ओरडतेय आणि जात नाही. मागं वळून बघितलं तर टँकरचं तोंड, त्याच्यावर पिवळ्या रंगानं काढलेले दोन डोळे, आणि त्याचा भोंगा थांबेचना.

"नागेशराव, कडंला घ्या," मी म्हणाले. ओरडले नाही. ओरडायला छातीत वाराच नव्हता.

त्यानं हँडल डावीकडं फिरवलं. आम्ही मुरमाच्या कडेवरून घसरलो आणि माझ्या अंगाला आडवे झालो. टँकर इतक्या जवळून गेला की त्यातलं पाणी माझ्या तोंडावर सांडलं. गार पाणी. पुढं चढावर जाऊन तो थांबला सुद्धा नाही.

मी पडल्या जागी नुसती पडून राहिले. विमल आणि प्रतिक्षा एस्टीत आहेत. एस्टीत आहेत. एवढंच डोक्यात.

जावई उठला. त्यानं गाडी उभी केली. टाकीवर मुरमाचा ओरखडा पडला होता, त्यावरून त्यानं हात फिरवला. दोनदा फिरवला. मग माझ्याकडं वळला.

"मामी, लागलं का?"

आधी टाकी, मग मी. आज माझ्या जागी विमल असती तरी तिचा नंबर हाच.

टाच फाटली होती. फार खोल नाही, पण रक्त थांबत नव्हतं. लुगड्याचा काठ फाटून चेनीबरोबर गेला होता. मी कनवटीची तंबाखूची चिमूट काढून जखमेत दाबली, काठाचीच चिंधी करून बांधली. चेन मागं रस्त्यात पडलेली, दावं सोडून टाकावं तशी. जावई जाऊन ती घेऊन आला. दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं उभा राहिला. पोराचं वय दिसलं तेव्हा.

"आता हो? हितं कोन भेटनार? निमगाव लांब हाय."

मी पिशवी पुढं केली. नारळ बाजूला घेतला. तेलकट कागद त्यानं सोडला आणि आतली नवी चेन बघून त्याचं तोंड जे झालं ते मी विसरणार नाही. दसऱ्याला नवी टोपी मिळालेल्या पोरासारखं.

"मामी. तुमी आनली व्हय."

"घाला."

मला वाटलं होतं त्याला जमायचं नाही. मग मला बोलायला बरं झालं असतं. पण त्यानं आसनाखालून पाना, पक्कड काढली, बाह्या वर सारल्या आणि कामाला लागला. चाकाचा मोठा नट सैल केला, लाथ मारून चाक पुढं सरकवलं. पुढच्या दात्यांवरचं झाकण काढलं, तारेचा आकडा करून नवी चेन वरून ओढून घेतली. दोन टोकं जुळवली, कडी बसवली, तिचं कुलूप पकडीनं टक्कन दाबलं. "ह्याचं तोंड मागं ठिवायचं," स्वतःशीच म्हणाला, "पुढं ठिवलं तर चालता चालता निघतं." मग दोन्हीकडचे नट सारखे सारखे फिरवले, चाक तिरकं होऊ नये म्हणून. मधोमध बोटानं दाबून बघितलं. थोडं सैल ठेवलं. फार ताणली तरी तुटते म्हणाला.

मी दगडावर बसून बघत होते. सगळं येत होतं त्याला. एकही गोष्ट अडली नाही.

"कुठं शिकला?"

"लग्नाआधी व्हतो की निमगावात ग्यारेजला." नवी चेन लागल्यानं त्याला बोलायला हुरूप आला होता. "पर मामी, एक सांगू का? ही चेनबी टिकायची न्हाय. ह्ये बगा." त्यानं मागच्या चाकाचे दाते दाखवले.

मी वाकून अंगठ्याचा थोटका त्यांवरून फिरवला. ज्यांच्या घरात दात बघून मेंढीचं वय सांगतात त्यांच्यातली मी. म्हाताऱ्या मेंढीचे असतात तसेच ते दाते, झिजलेले, एका बाजूला कललेले, काहींची टोकं सुईसारखी. अशी मेंढी रानात नेली तरी चरत नाही, नुसती तोंड हलवते.

"दातं गेल्यात," मी म्हणाले.

"गेल्यात. नव्या चेनीलाबी खातील. दात्यांची दोन्ही चाकं, पुढचं आन् मागचं, आन् चेन संगच बदलायची असत्यात."

"तुमाला कवापासनं म्हाईत?"

"दिवाळीपासनं."

तो सहज बोलून गेला. मग माझं तोंड बघून पाना पुसायला लागला.

"भ्या वाटत न्हवतं?"

पाना पुसून झाला, पक्कड पुसून झाली.

"वाटायचं," तो म्हणाला. "पोरगी पुढं असली की तिच्या कमरंला एक हात धरून चालवायचो."

"मग का न्हाय बदललं? हात तर चालत्यात."

"काय सांगू मामी. आई आळीत सांगून बसली व्हती, सासऱ्याकडनं येनार म्हून. मी माझीच जाऊन आनली असती तर लोक म्हनले असते, सासऱ्यानं हात आखडला. तुमचीच लाज गेली असती."

"म्हंजी तुमी आमची लाज राखीत व्हता."

"व्हय," तो म्हणाला. आणि ते त्याला मनापासून खरं वाटत होतं.

मला मालक आठवले, ट्रंकेच्या कुलपावर हात ठेवून उभे असलेले. दोन गडी दोन गावांत मानासाठी थांबले होते, आणि माझी लेक पोर घेऊन त्यांच्या मानावर बसून हिंडत होती.

"बसा मामी. आता मऊ चालंल."

"मी चालते."

"पायाला लागलंय तुमच्या."

"चालते म्हनलं ना."

त्यानं गाडी सुरू करून थोडी पुढं नेली. चढाला कट्, कट्, कट्. नवी चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारायला लागली. त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, गाडी बंद केली आणि खाली उतरून ढकलायला लागला. तो पुढं गाडी ढकलत, मी मागं लंगडत. टाच टेकली की चिंधीतून चिकट वाटायचं. मागून वाहन आलं की तो दचकून कडेला व्हायचा आणि मीही.

निमगावात शिरताना पानाच्या टपरीपाशी चार जण बसले होते.

"काय नागेशराव, सासूबाईंला चालवत आनलं व्हय?" एकजण म्हणाला.

"न्हाय, सासूच गाडी वळत न्येतीय, मेंढरावानी," दुसरा म्हणाला. हसले सगळे. एरवी माझ्या तोंडानं त्या टपरीचा पत्रा उडाला असता. त्या दिवशी मी जीभ जपून ठेवली. ती दुसऱ्या कामाला लागणार होती.

विमल एस्टीनं आधीच पोचली होती. प्रतिक्षाला कडेवर घेऊन दारात उभी. माझं लुगडं बघितलं, पाय बघितला आणि तिनं पोर जास्त आवळून धरलं. घंगाळात पाणी आणून माझा पाय त्यात धरला. पाणी आधी लाल झालं, मग काळं. टाचेतलं वंगण निघेना, तिनं राखेनं चोळलं. तिला कसं काढायचं ते माहीत होतं.

सारजाबाई बाहेर आल्या. आधी माझ्या पायाकडं, मग गाडीकडं गेली त्यांची नजर.

"अगं बया. धोंड्याच्या आधीच आनली चेन? आन् ह्ये काय, पडला का काय?"

"चेन तुटली ओढ्याच्या चढाला," नागेशराव म्हणाले. "टँकर व्हता मागं. वाचलो."

"देवानं वाचवलं." सारजाबाईंनी हात जोडले. मग ओसरीवर बसल्या, पदरानं वारा घेतला. "पर इहिनबाई, चेन आता दिली तर मग धोंड्याला काय देनार?"

प्रतिक्षा विमलच्या कडेवरून खाली सरकली आणि तुरुतुरु गाडीकडं गेली. रोजची सवय. टाकीला दोन्ही हात लावून, वर घ्या म्हणून बापाकडं बघायला लागली. नागेशरावांचा हात तिच्या काखेत गेला.

"तिला खाली ठिवा," मी म्हणाले.

त्यांनी ठेवली.

मी पाय घंगाळातून काढला. ओला, फाटका तसाच जमिनीवर ठेवला. इतकी वर्षं त्या ओसरीवर मी पदर सावरून, मान खाली घालून बसले होते. त्या दिवशी ताठ बसले.

"नागेश," मी म्हणाले. राव लावला नाही. विमलनं चटकन वर बघितलं. "धोंड्याचं आवतन द्यायला आलेय, ते आधी घ्या. नारळ पिशवीत हाय. आता दुसरं. ही गाडी तुमाला दिलीय असं तुमी समजून बसलाय, तितंच चुकलं. शेवटची मेंढरं मोडली ती माझी लेक उन्हात चालू नये म्हनून. गाडी तिला बसायला दिलीया. तुमी निसतं हाकनारं. तुमचं हात चालत्यात, तुमाला दिवाळीपासनं समदं म्हाईत व्हतं, आन् तुमी माझ्या लेकीला आन् ह्या पोरीला त्या दात पडलेल्या चाकाव बसवून हिंडवलं. ह्याला मान म्हनत न्हाईत. आता दात्यांची दोन्ही चाकं तुमी बदलायची, तुमच्या हातानं, ह्या आळीला दावून. झाकान बसवायचं. आन् धोंड्याला येताना हाकायला दुसरा कुनीबी बघा. तुमी मागं बसायचं, बाईवानी एका अंगाला, चेनीच्या अंगाला पाय सोडून, हितनं पिंपळीपत्तुर. तसं आलात तर ताट वाढीन. आन् माझी लेक त्या गाडीव पुन्हा बसंल का न्हाय, ते तुमी उतरल्याव तुमचं तोंड बघून मी सांगंन."